वळ कोणाच्या पाठीवर?

पैठणच्या रेड्याची कथा कोणाला ठाऊक नाही? ब्रह्मसभेत ज्ञानोबारायांना विचारले गेले, तुमचा आणि या रेड्याचा आत्मा एकच काय? महाराज म्हणाले, होय. तेव्हा रेड्याच्या पाठीवर आसूड ओढले गेले, आणि वळ उमटले ते माउलींच्या पाठीवर! दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर, अचलपूर, सगळ्या वऱ्हाडात ही कथा मी चाळीस वर्षे सांगत आलो. या प्रसंगाला आयाबाया पदराने डोळे पुसतात. परंतु सज्जनहो, कीर्तन आटोपून घरी गेल्यावर त्याच रात्री लेकराच्या पाठीत धपाटा बसतो, त्याचे काय? रेड्याच्या वळाने आपले डोळे भरून येतात आणि पोटच्या पोराच्या वळाला आपण 'वळण लावणे' म्हणतो!

दुसऱ्याला सांगण्याआधी स्वतःचे सांगतो. पंचवीस वर्षांमागे एक दहा-अकरा वर्षांचा मुलगा माझ्याकडे पखवाज शिकत होता. बोट हलके, बुद्धी तल्लख. एका सप्ताहात, काल्याच्या दिवशी, भर कीर्तनात त्याचा ठेका चुकला. मला अपमान वाटला. मंडपामागे नेऊन मी त्याला टाळाच्या दोरीने मारले. दुसऱ्या दिवशी त्याची आई आली. भांडली नाही. एवढेच म्हणाली, "महाराज, पोट्टा म्हणते, आता देवाकडं जात नाही. देव मारते."

ते वाक्य माझ्या काळजात अजून रुतून आहे. मारले मी, आणि नाव लागले देवाला. तो मुलगा आज बापमाणूस झाला आहे. रस्त्यात भेटला की रामराम करतो. पण मंडपात पाऊल टाकीत नाही. माझ्या दोरीने विठ्ठलाचा एक वारकरी कमी केला.

कोणी म्हणेल, महाराज, चाणक्यनीतीतच सांगितले आहे ना, पाच वर्षे लाड करावे, दहा वर्षे ताडन करावे आणि सोळावे लागले की मित्र मानावे? होय, सांगितले आहे, आणि पाठशाळेत मीही ते पाठ केले आहे. परंतु आपण सोयीचे तेवढे पाठ करतो. मनुस्मृतीतच सांगितले आहे की, कल्याणाचे शिक्षण अहिंसेनेच द्यावे आणि वाणी गोड ठेवावी. पुढे राजधर्मात तीच स्मृती पुत्राला व शिष्याला अपराधाबद्दल मारण्याची मुभाही देते. ते लपवून उपयोग नाही. गौतम धर्मसूत्र त्याहून स्पष्ट आहे. शिष्याला न मारता शिकवावे, हा पहिला नियम. अगदीच नाइलाज झाला तर बारीक दोरी किंवा वेळूची पातळ चिंबटी. आणि याहून दुसऱ्या कशाने जो गुरू मारील त्याला राजाने दंड करावा!

पाहा, गुरूच्या हातावर राजाची नजर असावी, हा विचार काही परदेशातून आलेला नाही. आजच्या राजाने एवढेच केले की ती दोरीची आणि चिंबटीची सवलतही काढून घेतली. १ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्काचा कायदा लागू झाला; त्याच्या १७ व्या कलमाने शाळेत मुलाला मारणे आणि त्याचा मानसिक छळ करणे या दोन्हींना मनाई आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचे ७५ वे कलम शाळेबाहेरही लागते. ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने मुलाशी क्रौर्य केले तर तीन वर्षांपर्यंत कैद. मुले सांभाळणाऱ्या संस्थेच्या माणसाने केले तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी. मठ, आश्रम, पाठशाळा म्हणून आपल्याला त्यातून सूट नाही, आणि नसावीच.

हे आपल्याच घरचे दुखणे आहे म्हणून बोलतो. आळंदीतल्या काही खासगी वारकरी वसतिगृहांतून मुलांना मारहाण झाल्याच्या आणि त्याहून वाईट तक्रारी पोलिसांपर्यंत गेल्या, आणि २०२५ च्या आरंभी अशा संस्थांच्या तपासणीचा विषय सरकारदरबारी निघाला. 'संप्रदायाची बदनामी होते' म्हणून तोंड मिटून बसणे ही भक्ती नव्हे. बदनामी मारणाऱ्याने केली, रडणाऱ्या पोराने नाही. लेकरू संस्थेत ठेवाल तर संस्थेची नोंदणी पाहा, न कळविता भेटीला जा, आणि मुलाशी एकांतात बोला. लेकरू सुट्टी संपल्यावर परत जायला भिते, अंगावरचा सदरा काढू देत नाही, तर त्याचे ऐका. १०९८ हा फोन मुलांसाठी रात्रंदिवस फुकट चालतो. तो लेकरालाही पाठ करून द्या.

मार खाल्लेले पोर चुकायचे थांबत नाही. चूक लपवायला शिकते. त्याचे ध्यान पाढ्यावर राहत नाही, गुरुजींच्या हातावर राहते. आमच्या वऱ्हाडात बापाच्या रागाचे मूळही पुष्कळदा निराळेच असते. कापसाला भाव नाही, सोयाबीन पावसात गेले, कर्जाचा तगादा दारात; आणि सारा हिशेब चुकता होतो तो पोराच्या पाठीवर. त्या लेकराने काय बरे घोडे मारले?

आपल्याच मातीतले गाडगेबाबा आठवा. १८७६ साली शेंडगावी जन्मले, वडील दारूपायी गेले, आणि बाळपण दापुऱ्यास मामाच्या घरी गुरे राखण्यात गेले. शाळा त्यांच्या वाट्याला आली नाही. तेच बाबा पुढे गावोगाव सांगत फिरले की, पोटाला चिमटा घ्या पण लेकरांना शिकवा. आपण लेकरांना शाळेत घातले; आता छडीच्या भयाने ती शाळेतून पळाली तर बाबांचे सांगणे आपणच फुकट घालविले.

मग लेकरू चुकले तर काय करावे? चूक दाखवावी, पुन्हा करवून घ्यावी. नासलेले त्याच्याकडूनच नीट करून घ्यावे. खेळ थोडा वेळ बंद ठेवावा. आणि आपलाच राग अनावर झाला तर? पंढरीरायाचे ध्यान डोळ्यापुढे आणा. अठ्ठावीस युगे भक्तांनी त्याच्या दारात काय थोडे अपराध केले? पण त्याने हात उगारला नाही, ते कमरेवरच ठेवले. तुम्हीही तसेच करा. राग आला की दोन्ही हात कमरेवर ठेवा, नाम घ्या, आणि श्वास शांत झाल्यावर मग बोला. मी आता शिकवावयास बसतो तेव्हा असेच करतो. टाळाची दोरी टाळालाच बांधलेली आहे.

आपण देवाला माउली म्हणतो. लेकराला ती माउली पहिल्यांदा भेटते आपल्या हातातून. तो हात उगारू नका. कारण त्या इवल्या पाठीवर उठणारा वळ कोणाच्या पाठीवर उमटतो, हे पैठणला एकदा दिसून चुकले आहे.

रामकृष्ण हरि.