दोन शुद्धी: तिरुवलंचुळीचा श्वेतविनायक आणि घरातले मत्स्यालय

कुंभकोणमच्या पश्चिमेस, स्वामिमलैजवळ असलेल्या तिरुवलंचुळीच्या कपर्दीश्वर मंदिरातील श्वेतविनायकाची लहानशी मूर्ती समुद्रमंथनात उसळलेल्या फेसापासून देवांनी घडवली अशी श्रद्धा असून, तिला अनुसरूनच या मूर्तीवर पाण्याचा अभिषेक होत नाही. भीमसेनी कापराची पूड तेवढी तिच्यावर उधळली जाते. त्याच क्षेत्राची दुसरी कथा मात्र पाण्याचीच आहे: येथे उजवीकडे वळलेली कावेरी एका विवरात लुप्त झाली, आणि हेरंड ऋषींनी त्या विवरात स्वतःला अर्पण केल्यावर ती पुन्हा प्रकटली, असे स्थलपुराण सांगते. स्पर्शापासून दूर राखल्यामुळे टिकणारी शुद्धी आणि कोणीतरी स्वतःला गुंतवल्यामुळे वाहती राहणारी शुद्धी, अशा दोन कल्पना येथे शेजारी नांदतात. घरात गोड्या पाण्याचे मत्स्यालय ठेवणाऱ्याने गाळणी, म्हणजे फिल्टर, निवडताना यांपैकी कोणती कल्पना मनाशी धरावी, हा प्रश्न वरवर दुकानातला वाटला तरी धर्माचा आहे, कारण तेथे एका जिवाचे सारे जग पाळणाऱ्याच्या स्वाधीन झालेले असते.

स्पर्शापासून दूर राखण्याची पहिली कल्पना मत्स्यालयात घातक ठरते. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून, तसेच कुजणाऱ्या अन्नातून पाण्यात अमोनिया उतरतो. तो रंगहीन असल्यामुळे आरपार दिसणाऱ्या पाण्यातही मासा विषबाधेने मरू शकतो. हा अमोनिया स्पंजमध्ये अडकत नाही. स्पंजच्या छिद्रांत वस्ती करणारे जिवाणू ऑक्सिजनच्या साहाय्याने त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये आणि नंतर नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. सर्गेई विनोग्राद्स्की यांनी 1890 च्या सुमारास ज्यांचा शोध घेतला ते हेच नायट्रीकारक जिवाणू होत. नायट्राइट माशाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची शक्ती हिरावते, तर नायट्रेट त्या मानाने पुष्कळच सौम्य असते. गाळणी म्हणजे केवळ कचरा अडवणारे जाळे ही समजूत म्हणूनच अपुरी आहे. ती सूक्ष्मजीवांची वसाहत आहे, आणि नव्या टाकीत ती वसाहत नीट बसण्यास सामान्यतः 4 ते 6 आठवडे लागतात. तो काळ न देता पहिल्याच दिवशी टाकी माशांनी भरणे हा अज्ञानातून घडणारा असला तरी हिंसेचाच प्रकार आहे.

श्वेतविनायकाच्या कथेतील फेसाचा संदर्भ येथे शास्त्राच्या अंगानेही उद्बोधक ठरतो. खाऱ्या पाण्यात बारीक बुडबुडे सोडले असता प्रथिने व अन्य सेंद्रिय द्रव्ये त्यांच्या पृष्ठभागाला चिकटून फेसरूपाने वर येतात आणि बाहेर काढता येतात. समुद्री मत्स्यालयांत हीच युक्ती वापरली जाते. गोड्या पाण्यात मात्र बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि टिकाऊ फेस सहसा धरत नाही, त्यामुळे घरच्या टाकीत हा मार्ग फारसा उपयोगी पडत नाही. नदीच्या पाण्याला नदीचाच मार्ग लागतो: प्रवाह, वाळू, वनस्पती आणि त्यांवर जगणारे सूक्ष्मजीव.

व्यवहारात ताशी टाकीच्या चार-पाचपट पाणी फिरवणारा पंप घ्यावा, म्हणजे 100 लिटरच्या टाकीस ताशी 400 ते 500 लिटर, असा ढोबळ नियम सांगितला जातो. परंतु गाळणीत गाळ साचला की प्रत्यक्ष प्रवाह खोक्यावरील आकड्यापेक्षा कमी होतो. शिवाय पुष्कळ विष्ठा टाकणाऱ्या गोल्डफिशला जे अपुरे, ते संथ पाण्यात राहणाऱ्या फायटर माशाला असह्य ठरते. त्याला हवेच्या पंपावर चालणारा सौम्य स्पंज फिल्टरच मानवतो. कावेरीच्या खोऱ्यातील उन्हाळ्यात आणखी एक अडचण येते: 20 अंशांवर एका लिटरमध्ये सुमारे 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, तर 30 अंशांवर साडेसातच, आणि मासे व जिवाणू दोघेही त्यावरच जगतात.

गाळणीत राहिलेल्या जिवांचे काय करावे, या प्रश्नाचे जैन आचारात फार सूक्ष्म उत्तर सापडते. तेथे पाणी वस्त्राने गाळल्यावर ते वस्त्र गाळलेल्याच पाण्याने धुऊन, त्यात राहिलेले जीव मूळ जलाशयात परत सोडावेत असा दंडक आहे. गाळणारा गाळलेल्या जिवांचाही उत्तरदायी ठरतो, आणि अहिंसेचा विचार इतक्या तपशिलापर्यंत नेणारा हा नियम खरोखर आदरणीय आहे. मत्स्यालयातील स्पंज नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्याखाली धुतल्यास वसाहत नष्ट होऊ शकते, म्हणून तो टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलकेच पिळावा लागतो. हेतू भिन्न असले तरी दोन्ही ठिकाणी स्वच्छतेच्या नावाखाली अदृश्य जीव चिरडू नयेत, ही दक्षता समान आहे.

तरीही गाळणी कितीही उत्तम असली तरी साचत जाणारे नायट्रेट ती सहसा काढून टाकत नाही. ते पाणवनस्पती काही प्रमाणात शोषतात; उरलेल्यासाठी दर आठवड्यास पाण्याचा पाचवा ते चौथा हिस्सा क्लोरीन घालवलेल्या पाण्याने बदलावा लागतो. मासे वाढवले की हे कर्तव्यही वाढते, त्यामुळे फिल्टर पुरेसा आहे की नाही याचा निर्णय यंत्र घेण्यापूर्वीच, किती मासे पाळायचे हे ठरवताना, बराचसा होऊन गेलेला असतो, आणि अपरिग्रहाचा विचार करायचा तो त्याच क्षणी.