श्वासाचे कर्ज

बाळ जन्मते आणि रडत नाही. बाहेर उभी असलेली नानी दुवा पुटपुटू लागते. त्या काही मिनिटांत मेंदूला प्राणवायू मिळाला नाही, तर मूल दगावते किंवा आयुष्यभराचे अपंगत्व घेऊन जगते. असे एखादे घर आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. त्या घराच्या उंबऱ्यावर उभे राहून ‘प्राण्यांवर प्रयोग नकोत’ असे म्हणायला आपली जीभ रेटत नाही.

पण ते प्रयोग कसे असतात, हेही आपण डोळे उघडे ठेवून पाहावे. १९८१ साली अमेरिकेत राइस, व्हानुची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक पद्धत घालून दिली. उंदराच्या सात दिवसांच्या पिल्लाच्या मानेतील एक रक्तवाहिनी बांधायची आणि त्याला ८ टक्के प्राणवायूच्या हवेत काही तास ठेवायचे. आपल्या हवेत तो सुमारे २१ टक्के असतो. पुढे न्यूझीलंडमध्ये मेंढीच्या पोटातील कोकरांच्या मेंदूचा रक्तपुरवठा अर्धा तास थांबवला गेला. नंतर त्यांची डोकी थंड ठेवली, तेव्हा मेंदूची हानी कमी झाली. अशा प्रयोगांतूनच घुसमटलेल्या बाळाला ७२ तास ३३-३४ अंश सेल्सिअसवर ठेवण्याचा उपचार आला. श्रीमंत देशांत त्याने अनेक मुले वाचली.

मग हिशेब चुकता झाला का? भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातील ४०८ बाळांवर हाच उपचार तपासला गेला. २०२१ साली निष्कर्ष आले. थंड ठेवलेल्या बाळांपैकी ४२ टक्के दगावली, नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी ३१ टक्के. कोकराला इजा कोणत्या मिनिटाला झाली, हे संशोधकाला ठाऊक असते. आपल्या बाळाची घुसमट आईच्या पोटात कधी सुरू झाली, हे बहुधा कोणालाच ठाऊक नसते. कोकरू खोटे बोलले नव्हते. त्याने दिलेले उत्तर आपल्या प्रश्नाचेही आहे, असे माणसांनी गृहीत धरले.

कुर्बानीच्या वेळी जनावरासमोर सुरी पाजळू नये, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. परवानगी मिळाली म्हणून रहम माफ होत नाही, हा त्याचा अर्थ. प्रयोगशाळेलाही तो लागू आहे. रसेल आणि बर्च यांनी १९५९ सालीच तीन कसोट्या सांगितल्या: प्राण्याशिवाय भागत असेल तर भागवा, लागलेच तर कमीत कमी घ्या आणि त्यांच्या यातना कमी करा.

आम्ही त्यात चौथी जोडू. फसलेला प्रयोगही जगासमोर मांडा. तो कपाटात दडवला, तर दुसऱ्या शहरात पिल्लांची आणखी एक वेत त्याच उत्तरासाठी घुसमटेल. नेक नियत पुरेशी नाही. दुसऱ्या जिवाचा श्वास घेऊन मिळवलेले ज्ञान ही अमानत आहे, आणि अमानतीत लपवाछपवी चालत नाही.