दाराचे मूळ रूप

जुने सागवानी दार विकत घ्यावे, त्यावरचे ऑइलपेंटचे थर खरवडून काढावेत, काचकागदाने घासून लाकडाच्या रेषा उघड्या कराव्यात आणि मग ते दार मूळ रूपात आणले असे म्हणावे, हा प्रघात आता इतका रूढ झाला आहे की हे मूळ रूप नेमके कोणत्या काळातले, असा प्रश्न सहसा विचारला जात नाही. मुंबईचा चोर बाजार किंवा पुण्याचा जुना बाजार ज्यांनी पाहिला आहे त्यांना पाडलेल्या वाड्यांच्या चौकटी, पितळी कड्या, पाय मोडलेली मेजे आणि त्यांना नवी झिलई देणारे कारागीर यांची ओळख करून देण्याचे कारण नाही. चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत मात्र तोच प्रश्न अधिक नेटाने उभा राहतो, कारण येथील जुन्या घरांत सागवान चैनीची वस्तू म्हणून आलेले नव्हते. ते भोवतालच्या रानातले, हाताशी असलेले लाकूड होते. आलापल्लीच्या जंगलातील सागाची ख्याती जुनी आहे, बल्लारशाच्या आगारात त्याचे लिलाव होत आले आहेत, आणि मार्च २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी लाकूड गेले तेही याच भागातून. त्याच जातीच्या लाकडाचे दार मूल किंवा आरमोरी गावातल्या एखाद्या घराला लागले, तेव्हा घरधन्याने त्यावर हिरवा किंवा निळा रंग चढवला आणि त्यात त्याला काही वावगे वाटले नाही.

ज्या प्रदेशात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि पाठोपाठ महिनोन्‌महिने पाऊस कोसळतो, तेथे दाराची फळी वैशाखात आकसते आणि आषाढात फुगते. फळीच्या आडव्या कापलेल्या टोकातून पाणी सर्वाधिक वेगाने आत शिरते, आणि तेच टोक दाराच्या तळाशी असते. रंगाचा थर हे पाणी अडवतो. सागाच्या गाभ्यातील नैसर्गिक तेलामुळे उधई त्याच्या वाटेला फारशी जात नाही, परंतु गाभ्याभोवतीचे फिकट रसकाष्ठ, म्हणजे झाडात पाणी वाहून नेणारा बाहेरचा जिवंत भाग, तितके टिकाऊ नसते, आणि साध्या घराच्या दारात असे फिकट पट्टे बरेचदा आढळतात. याचा अर्थ असा की रंग चढवणे हे अरसिकपणाचे लक्षण नव्हते. लाकडाचा स्वभाव ओळखून केलेली ती व्यवस्था होती.

जुन्या वस्तूच्या दुरुस्तीचा विचार करताना झीज आणि मोड यांतील फरक आधी ध्यानात घ्यावा लागतो. झीज म्हणजे वापरामुळे वस्तूत झालेला असा बदल, जो तिचा उपयोग थांबवत नाही: उंबरठ्याचा मधला भाग पावलांनी खोलगट होणे, कडीभोवतीच्या लाकडाला हाताच्या स्पर्शाने गुळगुळीतपणा येणे, पाटाच्या कडा बोथट होणे. मोड म्हणजे ज्यामुळे उपयोगच खुंटतो ते: सांध्यातील कुसू, म्हणजे एका लाकडाचे दुसऱ्याच्या भोकात बसणारे जिभेसारखे टोक, सैल होणे, बिजागरी निखळणे, खाटेचा पाय तळातून कुजणे. मोड दुरुस्त करावी आणि झीज राहू द्यावी, हा नियम जाणते वाढई शिकवल्याशिवायही पाळतात. सैल कुसवाला ते लोखंडी पट्टी ठोकत नाहीत. पाचर मारतात किंवा लाकडी खुंटी बदलतात, कारण लोखंड पावसाळ्यात गंजते आणि लाकडाबरोबर फुगत-आकसत नाही.

रंगाचे थर मात्र या दोन्हींपैकी कशातच बसत नाहीत. वापराने ते आपोआप आलेले नाहीत, म्हणून ती झीज नव्हे. त्यांनी दार निकामी केलेले नाही, म्हणून ती मोडही नव्हे. लग्नकार्याला किंवा दिवाळीला घर रंगवताना दारावर बसत गेलेले हे थर म्हणजे निगा होय, आणि घराने आपल्या वस्तूची काळजी घेतल्याचा तो बहुधा एकमेव उरलेला पुरावा असतो. तो खरवडून टाकला की उरलेले गुळगुळीत सागवान नागपूरच्या दुकानातील नव्या लाकडापासून ओळखूही येत नाही. खरवडण्यात शरीराला अपायही आहे, तो वेगळा: घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम भारतात २०१६ साली झाले, त्यामुळे त्याआधीच्या थरांत शिसे असण्याची शक्यता धरूनच चालावे लागते, आणि असा थर कोरडा घासल्यास उडणारी धूळ लहान मुलांना सर्वाधिक बाधते.

या खरवडण्यामागे जे तत्त्व आहे, त्याचा सर्वांत समर्थ पुरस्कर्ता एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच वास्तुरचनाकार व्हायोले-ल-द्यूक हा होय. फ्रेंच वास्तुकलेच्या आपल्या कोशात त्याने असे मांडले की इमारतीचा जीर्णोद्धार म्हणजे तिची केवळ डागडुजी नव्हे, तर तिला अशा परिपूर्ण अवस्थेत आणणे, जी कदाचित कोणत्याही एका काळी अस्तित्वातच नव्हती. आरमोरीच्या दाराला ही व्याख्या तंतोतंत लागू पडते. उघड्या सागाचे, तकाकणारे, निष्कलंक असे ते दार कधीच नव्हते. ज्या दिवशी ते चौकटीत बसले त्याच सुमारास त्याला तेल किंवा रंग मिळाला. ज्याला मूळ म्हटले जाते ते आजच्या दिवाणखान्याच्या आवडीनुसार नव्याने घडवलेले रूप असते, आणि नव्या रूपाला जुनेपणाचा मान द्यावा अशी मागणी करणे हा वस्तूवर आणि ती वापरून गेलेल्या माणसांवर अन्याय आहे.

येथे थोडे विषयांतर करून लाखेच्या पॉलिशविषयी सांगणे योग्य होईल, कारण जुन्या फर्निचरचा गौरव करताना त्यामागच्या जंगलाचा विसर पडतो. पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर एक सूक्ष्म कीटक राहतो आणि आपल्या अंगातून राळ स्रवून स्वतःभोवती कवच तयार करतो; हे कवच खरवडून, धुऊन, वितळवून आणि गाळून पातळ पापुद्र्यांत ओढले की चपडा होतो, आणि तो स्पिरिटमध्ये विरघळवला की सुतारांचे लाखेचे पॉलिश तयार होते. पाणी लागताच हे पॉलिश पांढरे पडते, म्हणून ते मेजाला शोभते, बाहेरच्या दाराला नाही. दाराला जवसाचे तेल अधिक मानवते. विदर्भात धानाच्या शेतातील उरलेल्या ओलीवर घेतल्या जाणाऱ्या जवसाचे हे तेल हवेतील प्राणवायू शोषून घट्ट होते. त्याने भिजलेल्या चिंध्या गोळा करून ठेवल्यास त्या स्वतःच तापून पेटू शकतात, म्हणून त्या पसरून वाळवाव्या लागतात. पळसावरील कीटक, धानाच्या बांधीतील जवस आणि रानातील साग एकाच परिसरातले आहेत, आणि गावातल्या वाढयाला हे सारे जवळच मिळत होते.

तथापि व्हायोले-ल-द्यूकच्या मांडणीत एक गोष्ट अशी आहे, जिच्याकडे पाठ फिरवता येत नाही. वास्तू टिकवण्याचा उत्तम मार्ग म्हणजे तिला उपयोग मिळवून देणे, असेही त्याने सांगितले आहे, आणि झीज व मोड यांतील वर मांडलेला फरकही उपयोगाच्याच आधारावर उभा आहे. उपयोग हाच निकष असेल, तर रंगाचे थर जसेच्या तसे राखून दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगलेले दार त्या निकषावर उतरत नाही. त्याची कडी लागत नाही, त्यातून कोणी ये-जा करत नाही, पावसाशी त्याचा संबंध संपलेला असतो. साक्ष जपणे हे संग्रहालयाचे काम आहे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात कोथरूडच्या वाड्याचे लाकूडकाम आणून मस्तानी महाल उभारला आहे, तेथे थरांना हात न लावणे हेच उचित. घरगुती वस्तूचे काम वेगळे असते. ज्याने दार विकत घेऊन पुन्हा चौकटीत बसवले, त्याचा सांधा नीट केला आणि आपल्या आवडीने जुना रंग ओलसर घासून काढून तेल दिले, त्याने आधीच्या घरधन्याचीच निगा पुढे चालवली. रंग चढवणे हा त्या घरधन्याचा अधिकार होता, तर उतरवणे हा या घरधन्याचा अधिकार ठरतो. म्हणून खरवडण्याला सरसकट दोष देणे योग्य नाही. दोष आहे तो त्या क्रियेला मूळ रूपाची प्राप्ती समजण्यात आणि दाराला दारपणापासून दूर नेण्यात.

अशा जुन्या लाकडाच्या खरेदीला कायद्याचाही एक पैलू आहे, आणि जंगलाच्या जिल्ह्यांत तो टाळता येत नाही. भारतीय वन अधिनियम, १९२७ मधील कलम ६९ नुसार एखादे वनोत्पादन सरकारी मालकीचे आहे किंवा नाही असा प्रश्न त्या कायद्याखालील कार्यवाहीत उद्भवला, तर उलट सिद्ध होईपर्यंत ते सरकारचेच मानले जाते. लाकडाच्या वाहतुकीचे नियम करण्याचा अधिकार कलम ४१ राज्याला देते. युरोपातील खरेदीदार वस्तूचा पूर्वेतिहास तिची किंमत वाढावी म्हणून शोधतो. गडचिरोलीहून तुळई नेणाऱ्याला तो लागतो, तो ती तुळई कुठल्या घरातली हे दाखवता यावे म्हणून. पुराव्याची ही अट जाचक वाटली तरी हितकारक आहे, कारण जुन्या लाकडाच्या नावाखाली ताजी तोड बाजारात येण्याचा मार्ग तिच्यामुळे अरुंद होतो.

उपयोगाच्या निकषाची खरी कसोटी मात्र गडचिरोलीतील भामरागड आणि एटापल्ली या भागांत लागते. तेथील माडिया गोंड आदिवासींमध्ये मृताच्या स्मरणार्थ शिळा उभी करण्याची, आणि काही ठिकाणी कोरीव लाकडी खांब रोवण्याची रीत आहे. असा खांब उन्हापावसात फाटतो, त्यावरील आकृत्या पुसट होतात, तळ कुजतो आणि कालांतराने तो आडवा होतो. शहरी नजरेला ही मोड दिसते, आणि खांब उचलून, कीड मारून, तेल पाजून सुरक्षित ठिकाणी ठेवण्याची इच्छा सद्‌हेतूने होते. परंतु दाराचा उपयोग बंद होणे आणि उघडणे हा असेल, तर या खांबाचा उपयोग त्या माणसासाठी त्या जागी उभे राहणे हा आहे. उचलून नेल्यावर त्याचा हा उपयोग कोणत्याही कारागिराला परत आणता येत नाही, आणि उघड्यावर झिजत जाणे हा त्याच्या बाबतीत उपयोगाचाच भाग आहे. वरचा नियम येथे अधिक कठोर होतो: काही वस्तू दुरुस्त करू नयेत, विकतही घेऊ नयेत.

पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ या बाबतीत अपुरा पडतो, कारण त्याखाली पुरावशेष ठरण्यासाठी अशा कोरीव कामाला किमान शंभर वर्षे झालेली असावी लागतात, आणि इतकी वर्षे उघड्यावर उभे राहिलेले लाकूड क्वचितच मिळते. अनुसूचित क्षेत्रांना लागू असलेला १९९६ चा पेसा कायदा मात्र ग्रामसभेला लोकांच्या चालीरीती, परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपण्यास सक्षम मानतो. गडचिरोलीतील मेंढा-लेखा या गावाने सामूहिक वनहक्क मिळवून आपल्या बांबूची विक्री ग्रामसभेमार्फत करून दाखवली. जी सभा बांबूविषयी निर्णय घेऊ शकते ती खांबाविषयीही घेऊ शकते. तेव्हा असा खांब कोणी विकायला काढला, तर खरेदीदाराने विक्रेत्याला किंमत विचारण्यापूर्वी त्या गावाच्या ग्रामसभेला विचारावे, आणि सभेने नकार दिल्यास तो खांब जेथे पडला आहे तेथेच राहू द्यावा.