प्लेट काढायची कधी?

आमच्या विरार-नालासोपाऱ्यात हाड मोडलेल्या माणसाची चौकशी ‘प्लेट बसवली की रॉड टाकला?’ अशीच होते. लोकलची गर्दी आणि पावसाळ्यातले खड्डे यांनी हे शब्द घरोघरी पोचवलेत. पण शरीर त्या धातूचं आत करतं काय?

आधी गिळायला बघतं. धातूवर रक्तातली प्रथिनं चिकटतात, मागोमाग भक्षक पेशी येतात. धातू पचत नाही म्हणून त्या एकमेकींत मिसळून महाकाय पेशी बनतात, दाहक संयुगांचा मारा करतात. तेही फसलं की शरीर त्याभोवती तंतूंचं वेष्टण विणतं.

मोठ्यांच्या अंगात धातू बहुधा जन्मभर राहू शकतो. मुलांचं हाड वाढत असतं, त्यामुळे प्लेट अनेकदा काढावी लागते. माझ्या भाच्याच्या दंडावर टाक्यांची रेघ पांढरी पडत आली होती, त्याच रेघेवर पुन्हा सुरी फिरली. बहीण अंधेरीला रोजावर कामाला जाते. खाडा म्हणजे पगार कापला. तेव्हापासून मी मॅग्नेशियमविषयी मिळेल ते वाचतो.

मॅग्नेशियम शरीरात विरघळतं, काढावं लागत नाही. मात्र पाण्याशी संयोग होताना हायड्रोजन सुटतो, एका ग्रॅममागे जवळजवळ एक लिटर. बेल्जियमचे शल्यचिकित्सक आल्बाँ लाम्बोत यांनी 1906 च्या सुमारास एका मुलाच्या पायाला मॅग्नेशियमची पट्टी पोलादी खिळ्यांनी बसवली. खाऱ्या हवेत लोखंडी खिळ्याशेजारचा ॲल्युमिनियमचा पत्रा लवकर खातो, हे खाडीकाठच्या कुणालाही ठाऊक आहे. तेच तिथे घडलं. आठ दिवसांत पट्टीचे तुकडे झाले, कातडीखाली वायू साठून पाय सुजला.

हाच हायड्रोजन सावकाश सुटला तर रक्त तो वाहून नेतं. शिवाय 2007 मध्ये जपानच्या शिगेओ ओहता यांच्या गटाने ‘नेचर मेडिसिन’मध्ये दाखवलं, की हायड्रोजन हायड्रॉक्सिल या अत्यंत घातक मूलकाला निवडून निकामी करतो. मग धातूभोवतीचा दाहही तो शमवेल का, ही शक्यता त्यातूनच पुढे आली. हायड्रोजनचं पाणी विकणाऱ्यांच्या दाव्यांशी याची गल्लत नको. खरं काम आहे धातू झिजण्याचा वेग हाड सांधण्याच्या वेगाशी जुळवण्याचं.

2013 मध्ये मॅग्नेशियमच्या एका जर्मन स्क्रूला युरोपात मान्यता मिळाली. असा स्क्रू पालघर जिल्ह्यातल्या सरकारी रुग्णालयात, रोजावरच्या आईच्या मुलाला, परवडणाऱ्या दरात मिळावा, एवढीच माझी मागणी आहे.