नीट बसलं पाहिजे

उकळत्या पाण्यात अंडं फोडून सोडलं, की ते आपल्या मर्जीनं वागतं. पांढरा भाग धाग्याधाग्यांनी पसरतो. बलक भांड्याच्या एका कडेला जातो. पाण्यावर फेस येतो, तो वेगळाच. हॉटेलातल्या आचाऱ्याला असं अंडं फोडून पाण्यात नीट शिजवणं, म्हणजे पोच करणं, जमतं. त्याच्याकडे ताजी अंडी असतात, सवयीचा हात असतो आणि त्या घडीला दुसरं काम नसतं. पहिल्या पाळीची बस गाठणाऱ्या माणसाकडे यातलं काहीच नसतं. पिंपरी-चिंचवड परिसरातल्या निगडी, भोसरी, मोशी, चाकण या पट्ट्यात सकाळी साडेपाचलाच कितीतरी स्वयंपाकघरांत दिवे लागतात. एका शेगडीवर चहा, दुसरीवर पोळी, मधेच डबा, मधेच मुलाची हाक. अशा वेळी पसरट भांड्यात बसणारी, खोलगट खळग्यांची एक साधी चकती मोठं काम करते. ती नसेल तर घरातलं इडलीपात्रही चालतं. फक्त त्याच्या खळग्यांना भोकं नसावीत, नाहीतर अंडं खाली गळतं. भांड्यात बोटभर पाणी उकळायचं आणि मग आच मंद करायची. खळग्याला तेलाचं बोट लावायचं. अंडं आधी वाटीत फोडायचं, चांगलं आहे ना ते बघायचं आणि अलगद खळग्यात सोडायचं. वर झाकण. चारेक मिनिटांत पांढरा भाग धरतो आणि बलक मऊ राहतो. आणखी तीन मिनिटं ठेवलं तर बलकही घट्ट होतो. लहान मुलं, गरोदर बाई आणि घरातली म्हातारी माणसं यांच्यासाठी तो घट्टच करावा. वर मीठ, मिरपूड, हवी तर कांदा-लसूण मसाल्याची चिमूट. आणि हे सगळं होईतो शेगडीपाशी उभं राहावं लागत नाही. तेवढ्यात डबा भरून होतो, दप्तर बघून होतं.

चकती स्वतः काहीच शिजवत नाही. शिजवते ती वाफ. चकती अंड्याला फक्त बसायला जागा देते. अंड्याचा पांढरा भाग ६२ अंश सेल्सिअसच्या आसपास धरू लागतो. बलक ६५ अंशांच्या पुढं हळूहळू घट्ट होतो. पिंपरी-चिंचवड समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचावर आहे, म्हणून इथं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. अंड्याला तेवढ्या उष्णतेचीसुद्धा गरज नसते. खळखळत्या पाण्यात ते शिजतं कमी आणि हेलकावेच जास्त खातं. शिवाय अंडं जुनं होत जातं तसा त्याचा पांढरा भाग पातळ होत जातो. कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेलं अंडं किती दिवसांचं, हे कोण सांगणार? पातळ झालेला पांढरा भाग मोकळ्या पाण्यात पसरणारच. त्यात अंड्याचा दोष नाही. तेच अंडं खळग्यात सोडलं तर गुमान गोल बसतं. नीट बसायला जागा मिळाली की काम नीट होतं, ही गोष्ट या भागातल्या माणसांना वेगळी समजावून सांगावी लागत नाही. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये राज्याचं औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे एमआयडीसी, स्थापन झालं. पुढं मोटारी, दुचाक्या आणि त्यांचे सुटे भाग बनवणारे लहानमोठे कारखाने भोसरीपासून पार चाकणपर्यंत पसरले. तिथं मशिनवर काम करणाऱ्याला फिक्स्चर ठाऊक असतं. जॉबला, म्हणजे घडवायच्या भागाला, भोक पाडायचं असेल तर जॉब आधी फिक्स्चरमध्ये नीट बसला पाहिजे. खाली तीन टेकू, बाजूला दोन, टोकाशी एक. एवढ्या सहा टेकूंनी त्याची जागा पक्की होते आणि मग क्लॅम्प आवळतात. ऑपरेटर कालच आलेला असो की वीस वर्षांचा मुरलेला, भोक ठरलेल्या जागीच पडतं. टूलरूममधल्या सगळ्यात कसबी माणसालाही फिक्स्चर वापरताना कमीपणा वाटत नाही. शिगेओ शिंगो या जपानी अभियंत्यानं १९६० च्या दशकात पोका-योकेची पद्धत रुजवली, तिच्या मुळाशी हाच विचार आहे. माणूस कधी ना कधी चुकणार, हे त्यानं धरूनच ठेवलं. म्हणून माणसाला बोल लावत बसण्यापेक्षा कामाची मांडणीच अशी करावी, की सुटा भाग उलटा बसणारच नाही, असं तो सांगायचा.

गंमत अशी, की पाळी सुटली की ही समज आपण कंपनीच्या लॉकरमध्येच ठेवून येतो. घरी सगळा भार टाकतो तो निश्चयावर. उद्यापासून लवकर उठेन. उद्यापासून गावी आईला रोज फोन करेन. उद्यापासून मुलावर आवाज चढवणार नाही. यातला प्रत्येक शब्द मनापासूनचा असतो. आईची आठवण खरी असते, मुलावरची माया तर आणखीनच खरी. तरीही सकाळच्या घाईत किंवा संध्याकाळच्या थकव्यात नेमकं तेच राहून जातं. मग आपण स्वतःला बोल लावतो. मनच खंबीर नाही, आपल्याला काही जमतच नाही, असं ठरवून मोकळे होतो. खरं तर मन चांगलंच असतं. त्याला टेकायला जागा दिलेली नसते, एवढंच. ती जागा फार मोठी लागत नाही. रक्तदाबाची गोळी चहाच्या डब्याशेजारी ठेवली, की चहा करताना ती डोळ्यांसमोर येते. मुलगा कंपासपेटी विसरत असेल तर रोज सकाळी दारातून ओरडण्याऐवजी रात्रीच ती त्याच्या बुटांवर ठेवता येते. कंपनीचं ओळखपत्र गाडीच्या किल्लीलाच अडकवलं, तर अर्ध्या वाटेवरून परत फिरावं लागत नाही. आईला फोन ‘वेळ मिळाला की’ करायचा म्हटलं, तर तो होत नाही. घरी परतताना बस नाशिक फाट्याला आली की फोन लावायचा, असं ठरवलं की तो होतो. बोलण्याचंही असंच असतं. कामावरून आलेल्या माणसाशी दारातच घरखर्चाचा विषय निघाला, की साधं बोलणंही भांडणाकडे झुकतं. आधी हातपाय धुणं, मग चहा, मग हिशेब, एवढा क्रम दोघांनी मिळून ठरवला तर तोच विषय शांतपणे मिटतो. माणसं तीच, पैसे तेवढेच, फक्त बोलण्याला बसायला जागा मिळाली. आणि अशी जागा दुसऱ्यासाठीही करून ठेवता येते. रात्रपाळीहून येणाऱ्यासाठी खोलीचा पडदा आधीच ओढून ठेवावा. आयटीआय करून नुकत्याच कामाला लागलेल्या पोरासाठी मशिनजवळ चार ओळींचा कागद चिकटवावा. न बोलता केलेली ही मदत असते, आणि तिचे उपकार कुणाच्या डोक्यावर बसत नाहीत.

मात्र आधार हवा तेवढाच असावा, हेही शॉपमधली माणसं चांगलं जाणतात. पातळ जॉबवर क्लॅम्प फार आवळला तर जॉब वाकतो आणि सोडल्यावर त्याचं माप चुकतं. घरात नियम फार झाले, की माणसंही अशीच आखडतात. प्रत्येक मिनिटाला वेळापत्रक आणि प्रत्येक वस्तूला सूचना लावली, की घरात मोकळं बसायची सोय उरत नाही. चकतीचा खळगा तर वरून उघडाच असतो, म्हणूनच वाफ आत पोचते. फिक्स्चरच्या टेकूवर लोखंडाची बारीक चिप राहिली तरी पुढचा जॉब तिरका बसतो, म्हणून दर वेळी ते साफ करून घेतात. आपल्या सवयींकडेही अधूनमधून तसं बघावं. पूर्वी सोयीची असलेली एखादी रीत आता अडचणीची झालेली असते. मुलगा मोठा झालेला असतो, पाळीची वेळ बदललेली असते आणि आपण जुनंच धरून बसलेलो असतो. आणखी एक गोष्ट दिलासा देणारी आहे. एकदा अंडं धरलं, की ते खळग्यातून सुरीच्या टोकानं सुटं होतं आणि बशीत आपलं आपण उभं राहतं. बऱ्याच चांगल्या सवयींनाही आधार असा थोडेच दिवस लागतो. महिन्या-दोन महिन्यांत फोन करायला नाशिक फाट्याची आठवण लागत नाही, हात आपोआप फोनकडे जातो. तर आज कामाला निघताना एवढंच बघा, की रोजच्या दिवसात नेमकं कुठं आपलं निसटतं. एकच ठिकाण शोधा, दहा नकोत. तिथं स्वतःवर चिडू नका आणि घरातल्या कुणावर तर मुळीच नको. तिथं काय ठेवलं, काय आधी केलं, काय हाताशी आणलं तर ते काम नीट बसेल, याचा पाच मिनिटं विचार करा आणि आठवडाभर तसं करून बघा. नाहीच जमलं तर आधाराची जागा थोडी सरकवा आणि पुन्हा बघा. बदलायची ती जागा, माणूस तर चांगलाच आहे.