गोळी सोडावी की सोसावी?



गेल्या माघात आमच्या उंद्रीस (ता. चिखली, जि. बुलढाणा) सप्ताह झाला. काल्याचे कीर्तन आटोपले, पंगत बसली, तेव्हा एक वृद्ध माळकरी जवळ येऊन हळूच म्हणाले, "महाराज, छातीची गोळी सुरू झाल्यापासून हात कापतात, उन्हात गेलं की तोंड भाजतं, टाळ धरवत नाही. ज्या गोळीनं भजन सुटतं, ती सोडली तर पाप लागंल का?"

मला लगेच उत्तर देववेना. कारण मीच ती गोळी तीन आठवड्यांपासून सोडून बसलो होतो आणि घरात कोणाला सांगितले नव्हते!

माझी हकीकत अशी. दोन वर्षांपूर्वी कीर्तनात उभा असता छातीत धडधड सुरू झाली. मृदंग वाजतो आहे, पण सम कोठे सापडत नाही, असे हृदय चालू लागले. डॉक्टरांनी पट्टी काढली. हृदयाचे वरचे कप्पे ताल सोडून नुसते फडफडत होते. याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. यात वरच्या कप्प्यात रक्त साकळते, त्याची गुठळी मेंदूकडे गेली तर पक्षाघात होतो; तो धोका सुमारे पाचपट वाढतो. म्हणून तालासाठी अमियोडॅरोन आणि गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी, अशा दोन गोळ्या मिळाल्या. ताल परत आला. पण पुढे हात कापू लागले, ऊन सोसेना, अंग गळून जाई. मग मनाने शास्त्रार्थ मांडला: देह नाशिवंत, त्याचे एवढे लाड कशाला? पांडुरंग समर्थ आहे. रक्ताची गोळी भीतीपोटी चालू ठेवली, तालाची बंद केली. आठ दिवस गेले, पंधरा गेले, काही झाले नाही. मला वाटले, गोळी नकोच होती.

येथेच फसगत झाली. हे औषध शरीरात साठते आणि बंद केल्यावरही कित्येक आठवडे, कधी महिने, रेंगाळते. मोट थांबली तरी पाटातले पाणी थोडा वेळ वाहतच असते. त्यावरून मोटेची गरज नाही असे कोणता शेतकरी म्हणेल? उलट हृदयाची गती आवरणाऱ्या काही गोळ्या, ज्यांना बीटा ब्लॉकर म्हणतात, त्या एकाएकी तोडल्या तर हृदय उसळी घेते. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीचा आधार तर थोड्याच दिवसांत सुटतो. बरे वाटणे आणि धोका टळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

मग मुकाट्याने सोसावे काय? तेही नाही. अमियोडॅरोनमध्ये आयोडीन पुष्कळ असते, त्याने गळ्यातील थायरॉइड ग्रंथी बिघडू शकते. यकृताला, फुप्फुसाला, डोळ्यांनाही त्रास होऊ शकतो. म्हणून वेळोवेळी तपासणी लागते. विल्यम विदरिंग या इंग्रज वैद्याने 1785 साली डिजिटॅलिस या वनस्पतीवर ग्रंथ लिहिला. ते औषध हृदयरोगात आजही वापरतात. उलटी होऊ लागली, नाडी फार मंद झाली, की औषध थांबवावे, असे त्यानेच बजावले होते. पुढे 1989 साली तर हृदयविकाराच्या झटक्यानंतर दिली जाणारी तालाची काही औषधे मृत्यू वाढवतात असे दिसून आले, आणि डॉक्टरांनीच ती अशा रोग्यांना देणे थांबवले. तेव्हा औषध सोडणे हे पाप नव्हे. प्रश्न एवढाच, की कोणी, केव्हा आणि कशाच्या आधारावर सोडायचे.

याचे उत्तर लहानपणी पाठशाळेत ऐकले होते, पण उपयोगी पडले म्हातारपणी. चरकाचार्य सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगतात: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. रोग्याचेही चार गुण सांगितले आहेत: स्मृती, सांगितल्याप्रमाणे वागणे, निर्भयता आणि ज्ञापकत्व. ज्ञापकत्व म्हणजे आपल्याला काय होते ते वैद्याला नीट सांगता येणे. पाहा बरे, तक्रार सांगणे हा आचार्यांच्या मते दोष नाही, गुण आहे! मी सोसले ते न सांगता, सोडली तीही न सांगता. त्याला मी वैराग्य म्हणत होतो. तो नुसता कंटाळा होता.

असो. त्या माळकरीबुवांना म्हणालो, "बाबा, उद्या दोघेही जाऊ." कागदावर लिहून नेले: कोणती गोळी, केव्हापासून, कोणता त्रास कधी सुरू झाला, किती दिवस चुकवली. माझ्या पट्टीवर ताल पुन्हा ढळू लागलेला दिसला. डॉक्टर म्हणाले, "महाराज, सोडल्याचे सांगितले नसते, तर गोळी पुरत नाही असे समजून मी मात्रा वाढवली असती." रक्त तपासले, थायरॉइड मंदावलेली निघाली, थकवा बराचसा तिचा होता. तिचे औषध मिळाले, तालाची गोळी पुन्हा सुरू झाली, पण निम्म्या मात्रेने. हात अजून थोडा कापतो, पण वीणा धरता येते. त्या बाबांची गोळी मात्र डॉक्टरांनी बंदच केली आणि दुसरी दिली. प्रश्न एकच होता, उत्तरे दोन निघाली. म्हणून शेजाऱ्याचे पाहून आपली गोळी सोडू नये, आणि धरूनही बसू नये.

वारीला निघणाऱ्या मायबापांना हात जोडून सांगतो. गोळ्यांची नावे लिहिलेला कागद बुक्क्याच्या डबीबरोबर ठेवा. घेरी आली, दम लागून कोरडा खोकला सुरू झाला, शौचास काळे झाले, तोंड वाकडे झाले किंवा हातपाय लुळा पडला, तर मुक्कामाची वाट पाहू नका. तेथूनच दवाखाना गाठा. बाकी त्रास असेल तर गोळी चालू ठेवून लवकर डॉक्टरांना सांगा.

विठोबापुढे आपण काही लपवत नाही. वैद्यापुढे तरी का लपवावे? रामकृष्णहरि.