संघभावना आणि चोरटा कान

देश म्हणजे एक संघ आणि आपण सारे त्याचे खेळाडू, ही उपमा आता इतकी रुळली आहे की शाळेच्या स्नेहसंमेलनापासून निवडणुकीच्या सभेपर्यंत ती कोठेही कानी पडते. उपमा चांगली आहे. एकाने पुढे व्हावे आणि इतरांनी त्याला सावरून घ्यावे, हे मैदानावर जितके खरे तितकेच गावात आणि राष्ट्रातही खरे आहे. परंतु याच उपमेतून एक निष्कर्ष काढला जातो, त्याचा विचार येथे करावयाचा आहे. खेळाडूने कर्णधारापासून काही लपवू नये, म्हणून नागरिकानेही सरकारपासून काही लपवू नये. मग सरकारने त्याचा फोन ऐकला तर बिघडले काय? ज्याच्या मनात पाप नाही त्याला भय कसले? आमच्या मोर्शीसारख्या तालुक्याच्या गावी हा युक्तिवाद चांगली, प्रामाणिक माणसे करतात. म्हणूनच तो हसण्यावारी नेता येत नाही.

खेळाची उपमा घ्यावयाची तर ती खेळाच्या नियमांसकट घ्यावी, असे आम्हांस वाटते. आमच्या जिल्ह्याला सांघिक खेळ नवे नाहीत. वैद्य बंधूंनी १९१४ साली अमरावतीस श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन केले आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके तेथे करून दाखविली. त्यांत हुतुतू, म्हणजे आजची कबड्डी, होती. कबड्डीत बचाव करणारे खेळाडू हाताला हात धरून साखळी करतात. चढाई करणाऱ्यावर झेप केव्हा घ्यावयाची हे कोणी ओरडून सांगत नाही. शेजाऱ्याच्या बोटांचा दाब पुरेसा होतो. या साखळीचे सारे बळ एकाच गोष्टीत आहे: प्रत्येकाची नजर चढाई करणाऱ्यावर असते, शेजारच्या गड्यावर नसते. शेजारी आपले काम करील हे प्रत्येकाने गृहीत धरलेले असते. ज्या क्षणी एखादा गडी शेजाऱ्याच्या निष्ठेची खात्री करण्यासाठी मान वळवितो, त्या क्षणी साखळी ढिली पडते. संघभावना म्हणजे एकमेकांवर पाळत नव्हे. पाळतीवाचून चालणारा विश्वास हेच तिचे स्वरूप आहे.

हीच गोष्ट अमेरिकेतील बेसबॉलचा एखादा जाणता रसिक आपल्याला दुसऱ्या बाजूने समजावून सांगेल. त्या खेळात फलंदाजाच्या मागे उकिडवा बसलेला झेलकरी दोन गुडघ्यांच्या आड बोटे दाखवून, पुढचा चेंडू कसा टाकावयाचा हे चेंडू टाकणाऱ्याला सुचवितो. आपल्याकडे बैलबाजारात रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव ठरवीत, त्यांतलाच हा प्रकार. प्रतिपक्षाचा एखादा धावपटू दुसऱ्या तळापर्यंत पोहोचला की त्याला या खुणा समोरून दिसू शकतात. त्याने त्या स्वतःच्या डोळ्यांनी ओळखल्या आणि आपल्या फलंदाजाला सुचविल्या, तर तो त्याच्या हुशारीचा भाग समजला जातो. मात्र त्यासाठी कॅमेरा वापरणे निषिद्ध आहे.

ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोज संघाने २०१७ साली नेमके तेच केले. मैदानाच्या मध्यावरील कॅमेऱ्याचे चित्र खेळाडूंच्या बैठकीजवळच्या पडद्यावर आणले. खुणा उलगडल्या की तेथील खेळाडू कचऱ्याचा डबा बडवून आपल्या फलंदाजाला इशारा देत. त्या वर्षीचे अजिंक्यपद या संघाने पटकाविले. पुढे नोव्हेंबर २०१९ मध्ये त्याच संघातील एका माजी खेळाडूने हे उघड केले. जानेवारी २०२० मध्ये क्लबला पन्नास लाख डॉलर दंड झाला आणि व्यवस्थापकासह दोघांना एका वर्षासाठी दूर ठेवण्यात आले. क्लबनेही त्या दोघांना त्याच दिवशी कामावरून काढले. चौकशीत असे दिसून आले की व्यवस्थापकाला ही लबाडी पसंत नव्हती, त्याने तो पडदा दोनदा फोडलाही होता. परंतु ‘हे थांबवा’ असे त्याने खेळाडूंना स्पष्ट सांगितले नाही. नापसंती मनात ठेवून गप्प बसणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी या गोष्टीत मोठा बोध आहे. तिचा शेवटही पाहण्यासारखा आहे. पिढ्यान्‌पिढ्या जो खेळ बोटांच्या खुणांवर चालला, त्यात २०२२ पासून खुणा गुप्तपणे पोहोचविणारे विद्युत यंत्र आले. विश्वास गेल्यावर यंत्र आणावे लागले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तो कॅमेरा एका संघाने दुसऱ्या संघावर रोखला होता. कोणताही कर्णधार आपल्याच खेळाडूंवर असा कॅमेरा लावीत नाही. लावलाच, तर तो त्यांना आपले खेळाडू न समजता प्रतिपक्षाचे समजू लागला, असाच त्याचा अर्थ होतो. नागरिकांचे फोन सरसकट ऐकण्याची इच्छा धरणाऱ्या सरकारविषयी हाच प्रश्न विचारावा लागतो: हे सरकार आम्हांला कोणत्या बाजूचे समजते?

आता दुसरी बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. सरकार हा केवळ कर्णधार नाही. तो पंचही आहे, आणि मैदानात सुरा घेऊन शिरणाऱ्याला पकडणे हे त्याचे कर्तव्य आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला झाला तेव्हा मारेकरी आणि सीमेपलीकडील त्यांचे सूत्रधार यांच्यातील फोनवरची संभाषणे आपल्या यंत्रणांनी ऐकली आणि ध्वनिमुद्रित केली. पुढे न्यायालयात तो पुरावा उपयोगी पडला. ते ऐकू नये असे कोणता सुजाण माणूस म्हणेल? तेव्हा प्रश्न ऐकावे की ऐकू नये एवढाच नाही. कोणाचे, कोणत्या कारणासाठी, किती दिवस आणि कोणाला उत्तर देऊन ऐकावे, हा प्रश्न आहे.

आपल्या कायद्यानेही हा प्रश्न टप्प्याटप्प्याने ओळखला. इंग्रजी अमदानीतील १८८५ च्या तार कायद्याने सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता यांसाठी संदेश अडविण्याचा अधिकार सरकारला दिला होता. तो कसा वापरावा याचे बंधन मात्र शंभर वर्षे नव्हते. राजकीय नेत्यांचे फोन ऐकल्याचे प्रकरण पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संस्थेने सर्वोच्च न्यायालयात नेले आणि १८ डिसेंबर १९९६ रोजी निकाल लागला. आदेश केंद्राच्या वा राज्याच्या गृहसचिवानेच द्यावा, तो दोन महिन्यांनी संपावा, वाढविला तरी एकूण सहा महिन्यांपलीकडे जाऊ नये आणि एका समितीने त्याची तपासणी करावी, अशी बंधने न्यायालयाने घातली. २००७ मध्ये ती तार नियमांत उतरली. ऑगस्ट २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. आता २०२३ चा दूरसंचार कायदा आणि डिसेंबर २०२४ चे नियम जुन्या तरतुदींच्या जागी आले आहेत. मुदतीचे बंधन त्यांतही जवळपास तसेच आहे.

कागदावर इतके असूनही काय घडू शकते, याची चर्चा आमच्या जिल्ह्याच्या उंबऱ्यापर्यंत आली. अचलपूरचे तत्कालीन आमदार बच्चू कडू, नाना पटोले आणि आणखी काही लोकप्रतिनिधी यांचे फोन भलत्याच नावांनी, ते जणू गुन्हेगारांचे आहेत असे दाखवून ऐकले गेले, असा आरोप झाला. फेब्रुवारी २०२२ मध्ये पुण्यास गुन्हाही नोंदविला गेला. सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या प्रकरणांतील गुन्हे रद्द केले. तेव्हा दोष कोणाचा, हे ठरविणे आमचे काम नाही. आमचा मुद्दा वेगळा आहे. आदेशावर सही करणाऱ्या सचिवापुढे एक क्रमांक आणि एक नाव येते. ते नाव खरे आहे की नाही हे त्याने कसे ओळखावे? परवानगी देणारा अधिकारी सरकारचा, तपासणारी समिती सचिवांची, आणि ज्याचा फोन ऐकला त्याला ते पुढेही कळविण्याची तरतूद नाही. ज्या सामन्यात पंच एका बाजूच्या पगारावर आहे आणि दुसऱ्या बाजूला सामना चालू असल्याचेच ठाऊक नाही, त्याला आपण सामना म्हणू काय?

‘माझ्याकडे लपविण्यासारखे काही नाही’ असे म्हणणाऱ्या सज्जनास आमचे नम्र उत्तर असे की, झाकलेले सारे पाप नसते. मोर्शी-वरुडच्या पट्ट्यात संत्र्याच्या बागेचा सौदा आता फोनवरही होतो. एका व्यापाऱ्याने दिलेला भाव दुसऱ्याच्या कानी आधीच गेला, तर शेतकऱ्याच्या वर्षभराच्या मेहनतीचे मोल घसरते. मुलीच्या लग्नाची बोलणी, भावाचे कर्ज, नागपूरच्या इस्पितळातून आलेला तपासणीचा निकाल, यांत गुन्हा कोणता आहे? परंतु ही माहिती ज्याच्या हाती जाते, त्याला त्या माणसावर अधिकार मिळतो. शेजारी भिंतीपलीकडून आपले बोलणे ऐकतो, पण आपणही त्याचे ऐकतो. त्यामुळे दोघेही एकमेकांचा आब राखतात. सरकारचा कान एकतर्फी असतो. ते आपले ऐकते, आपल्याला त्याचे ऐकता येत नाही.

आणि बोलणे न ऐकताही बरेच कळते. जून २०१३ मध्ये उघडकीस आले की अमेरिकेचे सरकार कोट्यवधी नागरिकांच्या फोनच्या नोंदी गोळा करीत होते: कोणी, कोणाला, केव्हा, किती वेळ फोन केला. शब्द ऐकत नाही, केवळ नोंदी ठेवतो, असे समर्थन झाले. परंतु रात्री दोन वाजता कर्करोगाच्या इस्पितळास, सकाळी भावास आणि दुपारी धर्मगुरूंना गेलेला फोन ऐकावा लागतो काय? २०१५ मध्ये तेथील संसदेने ही सरसकट गोळाबेरीज कायद्याने थांबविली.

शिवाय, ‘माझ्याकडे लपविण्यासारखे नाही’ हे वाक्य संघभावनेचे नाही. त्यात फक्त ‘मी’ आहे. आपल्या संघात वकील आहे, त्याच्याकडे अशिलाचे गुपित आहे. वार्ताहर आहे, त्याला भ्रष्टाचाराची बातमी देणारा कारकून आहे. विरोधी पक्षाचा कार्यकर्ता आहे. यांना निर्भयपणे बोलता आले नाही तर आपलीच बाजू उघडी पडते. साखळीतील सर्वांत बाहेरच्या गड्याचा हात सोडून ‘मी तर मध्यभागी सुरक्षित आहे’ असे म्हणणारा खेळ समजलाच नाही.

ख्रिस्ती कुटुंबांना गुपिताचे मोल वेगळे शिकवावे लागत नाही. पापनिवेदनात ऐकलेले धर्मगुरूने कोणत्याही कारणाने उघड करावयाचे नसते. १३९३ साली प्राग येथे नदीत बुडवून मारलेले संत जॉन नेपोमुक यांनी राणीचे पापनिवेदन राजाला सांगण्याचे नाकारले, अशी परंपरा आहे. ख्रिस्तसभेच्या कायदासंहितेचे कलम २२० प्रत्येकाच्या खासगीपणाचे रक्षण करते, आणि पापनिवेदनाचे यंत्राने ध्वनिमुद्रण करणे हाही त्या संहितेत दंडनीय अपराध आहे. माणसाने देवापुढे मोकळे व्हावे, यासाठी तिसरा कान तेथे असता कामा नये, हे त्यामागील तत्त्व आहे.

याचा अर्थ गुप्तता नेहमीच पवित्र असते असा मात्र नव्हे. रुमालाखालच्या सौद्याचा उल्लेख वर आला. शेतमालाच्या बाजारात अशी झाकलेली बोली शेतकऱ्याला नाडणारी ठरली, म्हणून बाजार समित्यांत उघड लिलावाचा नियम आला. बलवानांचे संगनमत उजेडात यावे आणि दुर्बळाचे खासगी जीवन झाकलेले राहावे, हा न्याय होय. सत्तेने आपले व्यवहार झाकून नागरिकांचे उघडे पाडावे, हे त्याच्या नेमके उलट आहे.

म्हणून आमची मागणी माफक आहे. ऐकणाऱ्याने स्वतःच परवानगी देऊ नये. ती न्यायाधीशाने द्यावी. काम संपल्यावर, तपासाला बाध येत नसेल तेव्हा, ज्याचे ऐकले त्याला कळवावे. किती आदेश निघाले याचा आकडा दरवर्षी विधिमंडळापुढे ठेवावा. यांतील एकाही गोष्टीने दहशतवाद्याचे फावणार नाही.

सरकारकडे हे मागताना आपल्या घराकडेही पाहिले पाहिजे, कारण कुटुंब हाही एक संघच आहे. मुलगा वा मुलगी हाती फोन घेऊन वाढत असताना आईवडिलांच्या जिवाला घोर लागतो, आणि तो रास्त आहे. लहानग्यांना मोकळे सोडावे असे आम्ही म्हणत नाही. परंतु लेक झोपल्यावर तिचा फोन चोरून चाळणे आणि ‘अमुक कारणासाठी, अमुक दिवस मी तुझा फोन पाहणार आहे’ असे तिला समोर बसवून सांगणे, यांत मोठे अंतर आहे. पहिल्याने ती अधिक चांगले लपविण्यास शिकते. दुसऱ्याने तिला राग येईल, ती दोन दिवस अबोला धरील. पण अडचणीत सापडली तर ती आपल्याकडेच येईल. ज्या घरात मुलांना असे वागविले जाते, तेथून बाहेर पडलेला नागरिक सरकारलाही कारण विचारील, मुदत विचारील. आपल्या धर्मग्रामांतील घरांनी असे नागरिक घडवावेत, एवढीच आमची अपेक्षा आहे.